जुना पॉवर ॲम्प: झाकण उघडण्यापासून लोडवर टेस्ट करेपर्यंत, एकेक पायरी

गणपतीच्या आधीच्या महिन्यात माझ्या टेबलावर जे ॲम्प येतात त्यातले बरेचसे आधी कुणीतरी एकदा दुरुस्त केलेले असतात. झाकण उघडलं की नवीकोरी ५२००-१९४३ ची, म्हणजे स्पीकरला करंट देणाऱ्या आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी दिसते, खालची हीटसिंक पेस्ट अजून पांढरीशुभ्र, आणि तरी सगळे शॉर्ट. सोल्डरिंग चांगलं असतं, पार्टही बऱ्याचदा बरे असतात, चुकलेला असतो तो क्रम. शॉर्ट सापडला, बदलला, डायरेक्ट मेनवर लावला, फट. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होणं हा बहुतेक वेळा परिणाम असतो, कारण मागच्या कुठल्यातरी पाच रुपयांच्या पार्टमध्ये बसलेलं असतं, ते तसंच ठेवून पुढचे कितीही वेळा बदला, परत उडणारच. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, आणि कृपया क्रमानेच करा.

सावधान: हे फक्त जड ट्रान्सफॉर्मरवाल्या जुन्या ॲम्पसाठी आहे. उघडल्यावर आत मोठा ट्रान्सफॉर्मर दिसलाच नाही, म्हणजे एसएमपीएस सप्लाय आहे, तर झाकण परत लावा. तिथे मेन सरळ रेक्टिफाय होऊन ३२५ व्होल्ट डीसी कंडेन्सरवर बसलेलं असतं आणि ती बाजू मेनपासून वेगळी नसते. ते काम वेगळं शिकून करायचं आहे.

## १. प्लग लावायच्या आधी माणसाला विचारा

ॲम्प घेऊन आलेला मुलगा म्हणतो, "काका, नुसते ट्रान्झिस्टर टाकून द्या, संध्याकाळी न्यायचाय." त्याला आधी बसवा आणि विचारा. जनरेटरवर होता का? न्यूट्रल उडाला होता का, कारण थ्री फेजवर न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं आणि मग एकटा आउटपुट नाही, सप्लायचे कंडेन्सरही संशयात येतात. एका चॅनलला किती बॉक्स लावले होते? ब्रिजवर, म्हणजे दोन्ही चॅनल मिळून एका स्पीकरवर, चालवत होता का? आधी कुणी उघडलाय का?

बॉक्सही मागवून घ्या. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ ओहम दाखवतो. २-३ दाखवला तर कॉइल जळून चिकटलीये किंवा केबलमध्ये शॉर्ट आहे, म्हणजे तुमचा दुरुस्त केलेला ॲम्प मंडपात गेल्यावर पहिल्या गाण्याला परत उडणार आणि नाव तुमचं जाणार.

## २. तयारी: सिरीज बोर्ड नसेल तर कामाला हात लावू नका

अगदी साधी गोष्ट आहे. एक बल्ब होल्डर, एक सॉकेट, फेजची वायर होल्डरमधून सॉकेटला, न्यूट्रल आणि अर्थिंग सरळ. बल्ब तारेचा, जुना पिवळा, १०० वॉटचा. एलईडी अजिबात चालत नाही, कारण आपल्याला हवाय तो तारेचा गुण: थंड असताना चाळीसेक ओहम आणि पूर्ण पेटल्यावर ५३० च्या आसपास. ॲम्पमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, करंट अर्ध्या ॲम्पिअरच्या आत अडकतो आणि तुमचे नवे ट्रान्झिस्टर वाचतात. ६०, १०० आणि २०० असे तीन बल्ब ठेवा. पुण्यात तपकीर गल्लीत होल्डर-सॉकेटपासून सगळं एका फेरीत मिळतं. डिमरस्टॅट (मेनचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर उत्तमच, पण त्याच्यासोबतही बल्ब ठेवा, कारण नुसता डिमरस्टॅट करंट अडवत नाही.

बाकी: डायोड मोड असलेले दोन मीटर (एक ऑफसेटवर म्हणजे आउटपुटवर उरलेल्या डीसीवर, एक बायसवर म्हणजे सिग्नल नसताना आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणाऱ्या थोड्या करंटवर, सारखे क्लिप बदलताना हात घसरतो म्हणून), १०० ओहम १० वॉटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपसकट, ६० वॉटची सोल्डरिंग, पंप, हीटसिंक पेस्ट, मायका (ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकमधली इन्सुलेशनची पातळ चकती), आणि डमी लोड, म्हणजे टेस्टला स्पीकरच्या जागी लावायचा रेझिस्टन्स. डमी लोडसाठी ८ ओहम १०० वॉटचे ॲल्युमिनियम बॉडीचे चार रेझिस्टन्स घ्या, दोन-दोन सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या पॅरलल, परत ८ ओहमच होतात पण ४०० वॉट झेपतात. मोठ्या हीटसिंकवर कसा, नाहीतर ती रेटिंग फक्त कागदावर. असं हीटसिंक बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात शोधलं तर मिळून जातं.

## ३. कंडेन्सर रिकामे करा

प्लग काढला म्हणजे ॲम्प मेला असं नाही. १०,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ७५ व्होल्टला चार्ज असेल तर त्यात २८ ज्यूल असतात, आणि असे दोन-चार असतात. १०० ओहमचा रेझिस्टन्स प्लस रेल (सप्लायची प्लस लाइन) ते ग्राउंड पाच-सहा सेकंद धरा, मग मायनस रेल ते ग्राउंड. जास्त कंडेन्सर पॅरलल असतील तर त्या हिशोबाने जास्त वेळ.

स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढू नका. टर्मिनल जळतं, कार्डावरचा ट्रॅक उडतो आणि डोळ्याला उडालं तर त्याला इलाज नाही.

तपासा: दोन्ही रेलवर मीटर २ व्होल्टच्या खाली. मगच हात.

## ४. साफसफाई, आणि नुसतं बघणं

यावर लोक पाच मिनिटं पण घालवत नाहीत. मी तासभर घालवतो. वर्षभर गोडाऊनमध्ये पडलेला ॲम्प, पावसाळ्याची ओल, आत कुंभारमाशीची मातीची घरं, झुरळं, गुलाल. गुलाल आणि ओल एकत्र आले की कार्डावर लीकेज होतं हे मी स्वतः पाहिलंय. ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा. मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि दाताचा जुना ब्रश.

धुण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, प्रत्येक कनेक्टरचा, प्रत्येक वायरचा, दोन अँगलने.

काय बघायचं: रिले (आउटपुट आणि स्पीकरमधला प्रोटेक्शनचा स्विच), स्पीकर टर्मिनल आणि ड्रायव्हर ट्रान्झिस्टरच्या (आउटपुटला चालवणाऱ्या) पायांना गोल भेग पडलेली असते, म्हणजे ड्राय सोल्डर, ते सगळे पाय परत नव्या सोल्डरने करा. मोठ्या कंडेन्सरच्या बुडाशी कारखान्यात लावलेला पिवळा गोंद जुना होऊन चॉकलेटी झाला असेल तर खरवडून काढा, तो तसा झाला की करंट वाहायला लागतो आणि खालच्या जंपरला गंज आणतो. आउटपुटजवळ १० ओहमचा एक रेझिस्टन्स ०.१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरसोबत ग्राउंडला गेलेला असतो, तो जळालेला दिसला तर नोंद करा: ॲम्प कधीतरी हाय फ्रिक्वेन्सीला ऑसिलेट झालाय, म्हणजे स्वतःहूनच सिग्नल तयार करत होता.

## ५. मीटरने शॉर्ट शोधा, अजून पॉवर नाही

आधी फ्यूज, मग ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा), मग दोन्ही रेल ते ग्राउंड, मग दोन्ही रेल ते आउटपुट. रेल ते आउटपुट १ ओहमच्या आत दाखवलं तर त्या बाजूचा एक तरी आउटपुट गेलाय.

आता गोची अशी की चार-पाच ट्रान्झिस्टर पॅरलल असतात आणि एमिटरला ०.२२ ओहमचे रेझिस्टन्स, त्यामुळे मीटर म्हणतो सगळेच शॉर्ट. सगळे उपसायची गरज नाही. बेंच सप्लाय असेल तर करंट १ ॲम्पिअरवर लिमिट करून त्या रेल आणि आउटपुटमध्ये लावा आणि प्रत्येक एमिटर रेझिस्टन्सवर मिलिव्होल्ट बघा, ज्याच्यावर २२० मिलिव्होल्टच्या आसपास येतील तो शॉर्ट, बाकीच्यांवर शून्य.

आणि ते ०.२२ वाले स्वतः तपासा. सिमेंटचा पांढरा रेझिस्टन्स ओपन झाला तरी बाहेरून नवा दिसतो. एक ओपन असेल तर त्याच्या वाटचा करंट बाकीचे घेत राहतात आणि तेच पुढे मरतात.

दुसरा चॅनल चांगला असेल तर तुमचं नशीब चांगलं. डायोड मोडवर त्याच पॉइंटला इकडे-तिकडे रीडिंग घ्या, कागदावर दोन कॉलम करा, जिथे फरक तिथे थांबा. सर्किट डायग्राम नसताना यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही.

## ६. मागे जा, पार मागे

आउटपुट शॉर्ट झाला की रेलचं व्होल्टेज बेसमधून उलटं मागे शिरतं. म्हणून ड्रायव्हर, प्रीड्रायव्हर, बेसचे छोटे रेझिस्टन्स, बायसचा ट्रान्झिस्टर, डायोड, झेनर, सगळे एक पाय काढून तपासा. डायोड मोडवर बेस-एमिटर आणि बेस-कलेक्टर ०.५ ते ०.७, उलट दिशेने काही नाही, कलेक्टर-एमिटर काही नाही.

आता बायसचा प्रीसेट, म्हणजे बायस ठरवणारा छोटा फिरता रेझिस्टन्स. एका मंडळाचा ॲम्प आला होता, दोनदा दुसरीकडे दुरुस्त होऊन दोनदा उडालेला, आउटपुट चार जोड्या. मी पण आधी सगळे ड्रायव्हर तपासले, सगळे ठीक, बेस रेझिस्टन्स ठीक. मग बायसच्या प्रीसेटच्या मधल्या पायावर मीटर लावून प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने अगदी हळू फिरवला. ३४०, ३३०, ३२०, आणि एकदम ओपन, मग परत ३००. भिंगाखाली धरला तर कार्बनच्या पट्टीवर हिरवट डाग आणि वायपरची एक पाकळी त्याच्यावरच टेकलेली, म्हणजे ॲम्प हलला, ट्रकमधून गेला, बेसने कार्ड थरथरलं की वायपर सुटणार. वायपर सुटला की बायस ट्रान्झिस्टरचा बेस उपाशी, तो बंद, आणि बायस एका क्षणात जास्तीत जास्त. त्यात आठ ट्रान्झिस्टर गेले, दोनदा. ते पैसे मंडळाच्या पोरांनी वर्गणीतून दिले होते, मला खरंच वाईट वाटलं.

म्हणून जुना कार्बन प्रीसेट मी तपासतही नाही आता, सरळ काढतो आणि मल्टिटर्न (अनेक फेरे फिरणारा प्रीसेट) टाकतो. बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला घट्ट टेकलाय का हेही बघा. तो हवेत लोंबकळत असेल तर त्याला आउटपुटची गरमी कळत नाही आणि बायस वाढत जातो.

## ७. पार्ट आणा, पण बघून

५२०० आणि १९४३ हे २३० व्होल्ट, १५ ॲम्पिअर, १५० वॉटचे आहेत, आणि नकली इतके आहेत की लेबलवर विश्वास ठेवू नका. माझी पद्धत: एक नग जास्त घ्यायचा आणि फोडायचा. जुना जळालेला ओरिजिनलही फोडायचा. आतली चिप शेजारी शेजारी ठेवा. नव्याची चिप अर्ध्या आकाराची निघाली तर सगळी पिशवी परत. एक नग वाया जातो पण आउटपुटचे सगळे ट्रान्झिस्टर वाचतात. जुन्या गोल धातूच्या बॉडीचे असतील, एमजे १५०२४-१५०२५ वगैरे, तिथेही हेच, टोपी कापून बघा.

एका चॅनलचे सगळे आउटपुट एकाच कंपनीचे, एकाच लॉटचे टाका. दोन जुने तीन नवे असं करू नका, गेन जुळत नाही आणि करंट सारखा वाटला जात नाही.

बसवताना मायकाच्या दोन्ही बाजूंना पातळ पेस्ट, अगदी खालचा मायका दिसेल इतकी. जाड थापली की उष्णता उलट अडते. हीटसिंकच्या भोकाला धातूची कूस राहिली असेल तर ती मायका फाडते, मोठ्या ड्रिल बिटने हाताने साफ करा.

तपासा: प्रत्येक कलेक्टर ते हीटसिंक, मीटर ओपन दाखवला पाहिजे. काही ॲम्पमध्ये हीटसिंक मुद्दाम रेलला जोडलेलं असतं आणि चासीपासून वेगळं ठेवलेलं असतं, तिथे हीटसिंक ते चासी ओपन बघा, आणि चालू असताना त्याला हात लावू नका.

## ८. पहिल्यांदा ऑन

सगळे आउटपुट एकदम बसवू नका. त्या चॅनलला आधी एकच जोडी. लोड नाही, इनपुट नाही, व्हॉल्यूम शून्य.

प्रीसेट कमीत कमी बायसवर. कुठली बाजू कमी हे अंदाजाने ठरवू नका, मोजा: प्रीसेट बायस ट्रान्झिस्टरच्या बेस आणि कलेक्टरमध्ये असेल, किंवा त्याचा मधला पाय बेसला असेल, तर बेस ते कलेक्टर रेझिस्टन्स कमीत कमी करा. नुसता बेस आणि एमिटरमध्ये असेल तर उलट, जास्तीत जास्त. ही एक गोष्ट उलटी झाली की वरची सगळी मेहनत पाण्यात.

मीटर आधीच क्लिपने लावा, एक रिलेच्या अलीकडे आउटपुटवर, एक एमिटर रेझिस्टन्सवर. सिरीज बल्ब १००. हात बाहेर. ऑन.

बल्ब एकदा झपकन पेटून मंद लाल झाला पाहिजे, कारण कंडेन्सर भरताना करंट घेतात. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद, परत पायरी ५ वर. थोडा वेळ बघू म्हणत बसू नका.

तपासा, याच क्रमाने:
- दोन्ही रेल जवळपास सारखे. बल्बमुळे पूर्ण व्होल्टेजपेक्षा कमी येतील, ते चालतं.
- ऑपॲम्प असतील तर त्यांचे प्लस-मायनस १५.
- आउटपुटवर डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत.

डीसी थेट रेलएवढं आलं तर दोष बहुधा इनपुटच्या डिफरेन्शियल जोडीत किंवा त्याच्या पुढच्या ट्रान्झिस्टरमध्ये. रिले उचलत नाहीये म्हणून घाबरू नका, बल्बवर रेल कमी असताना काही रिले उचलत नाहीत किंवा टकटक करतात.

सगळं ठीक आलं की बंद करा, कंडेन्सर रिकामे करा (हो, परत), बाकीच्या जोड्या बसवा, आणि हीच पायरी पुन्हा पूर्ण करा. मग २०० चा बल्ब, आणि तो मंद राहिला तरच डायरेक्ट.

## ९. बायस

सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच. नसेल तर चांगल्या चॅनलवर मोजा आणि तेवढाच ठेवा. हिशोब सोपा आहे: ०.२२ ओहमवर ५ मिलिव्होल्ट म्हणजे प्रत्येक ट्रान्झिस्टरमधून साधारण २३ मिलिॲम्पिअर, १० म्हणजे ४५. घरच्या हायफाय ॲम्पचे २०-२५ मिलिव्होल्टचे आकडे स्टेजच्या ॲम्पला लावू नका, बरेच स्टेजचे ॲम्प मुद्दाम कमी बायसवर डिझाइन केलेले असतात.

ऑन केल्या केल्या सेट करून सोडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. आधी निम्म्यावर ठेवा, २० मिनिटं गरम होऊ द्या, मग पूर्ण आकड्यावर आणा, परत २० मिनिटांनी बघा. मग प्रत्येक एमिटर रेझिस्टन्सवर वेगवेगळं मोजा, थोडा फरक चालतो, पण एखाद्यावर शून्य म्हणजे तो ट्रान्झिस्टर काम करत नाहीये.

थांबा: अर्ध्या तासानंतरही आकडा वाढतच चाललाय तर बंद करा. बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला टेकलेला नाही किंवा चुकीचा टाकलाय.

## १०. लोडवर

सिरीज बल्ब आता काढलेला पाहिजे, लोडसकट बल्बवर टेस्ट करून काहीच कळत नाही. डमी लोड लावा, मोबाईलच्या ॲपवरून ४०० हर्ट्झची साइन द्या. ४०० का, तर साधे मीटर त्याच्या वर एसी व्होल्ट कमी दाखवायला लागतात आणि मग ॲम्प कमी वॉट देतोय असा गैरसमज होतो.

हळूहळू वाढवा. ८ ओहमवर ४० व्होल्ट आले म्हणजे २०० वॉट, व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. ऑसिलोस्कोप असेल तर साइनची दोन्ही टोकं एकदम कापली जातायत का बघा. एकच बाजू आधी कापली तर त्या बाजूचा रेल किंवा ड्रायव्हर कमजोर. लाइन एखाद्या ठिकाणी जाड, केसाळ दिसली तर ऑसिलेशन, आणि इथे तो जळालेला १० ओहम आठवा.

फुल पॉवरला फार वेळ साइन चालवू नका, पण एक गोष्ट लक्षात घ्या की अशा ॲम्पचे ट्रान्झिस्टर सगळ्यात जास्त फुल पॉवरला तापत नाहीत, साधारण ४० टक्के पॉवरला तापतात. म्हणून "फुल दिला, गरम झाला नाही" याला टेस्ट म्हणत नाहीत. मी आठव्या हिश्श्याच्या पॉवरवर अर्धा तास आणि मग ४० टक्क्यांवर दोन-तीन मिनिटं, हीटसिंकवर लक्ष ठेवून, असं करतो.

सावधान: ब्रिज मोडमध्ये दोन्ही लाल टर्मिनल जिवंत असतात. स्कोपची ग्राउंड क्लिप त्यातल्या कुठल्याही टर्मिनलला लावली की एक चॅनल सरळ ग्राउंडला शॉर्ट. आणि ब्रिजवर ४ ओहम लावलं की प्रत्येक चॅनलला ते २ ओहम दिसतं, हे ज्याचा ॲम्प आहे त्याला समजेपर्यंत सांगा.

## ११. प्रोटेक्शन चालतंय का

हे न तपासता ॲम्प देणं मला पटत नाही, कारण पुढच्या वेळी काही झालं तर बारा-बारा हजारांचे स्पीकर याच्या भरवशावर असतात. आउटपुटवरून प्रोटेक्शनला जाणारा सेन्सचा रेझिस्टन्स एका बाजूने उचला, ॲम्प ऑन करा, रिले उचलला की त्या मोकळ्या पायावर ९ व्होल्टची बॅटरी ग्राउंडच्या हिशोबाने लावा, रिले पडला पाहिजे. मग बॅटरी उलटी. दोन्ही वेळा पडला तरच पास, कारण प्लस आणि मायनससाठी वेगळे ट्रान्झिस्टर असतात आणि एकच गेलेला असू शकतो. झाल्यावर रेझिस्टन्स परत सोल्डर करा, हे विसरणारे पाहिलेत.

हळू आवाजात खरखर, मोठ्या आवाजात ठीक, असं असेल तर रिलेचे कॉन्टॅक्ट जळालेत, घासू नका, रिलेच बदला. थर्मल सेन्सरला हेअर ड्रायर दाखवा, फॅन वाढला पाहिजे.

## १२. झाकण

बायसचे मिलिव्होल्ट, ऑफसेट, टाकलेल्या ट्रान्झिस्टरचा नंबर आणि तारीख एका पट्टीवर लिहून आत चिकटवा, पुढच्या वेळी उघडणाऱ्याचा, बहुधा तुमचाच, अर्धा दिवस वाचतो.

आणि गोल ट्रान्सफॉर्मर असेल तर मधल्या बोल्टकडे बघा. त्याचं खालचं टोक चासीला असतं, वरचं टोक झाकणाला टेकलं तर बोल्ट, झाकण आणि चासी मिळून ट्रान्सफॉर्मरभोवती एक शॉर्ट वेढा तयार होतो, आणि टेबलावर उघडा असताना तासभर उत्तम चाललेला ॲम्प झाकण लावल्यावर फ्यूज उडवतो. कुणी बदली म्हणून लांब बोल्ट टाकला असेल तर हमखास. कापून आखूड करा. मग सगळे स्क्रू लावून, झाकणासकट, परत एकदा सिरीज बोर्डवर १०० च्या बल्बने ऑन करा. मंद लाल झाला की गाडीत ठेवायला हरकत नाही.